ब्लॉकवाल्याची चूक

सर, आज कपाट आवरताना तो अंक सापडला. पहिल्या पानावर किनाऱ्यावर बसलेली बाई, केस सुटलेले, कपाळ मोकळं. वर माझा मथळा, ‘दर्याने हिचं सर्वस्व नेलं’. तो वाचून तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवला होतात आणि बराच वेळ परत घातला नव्हतात.

ऐंशीच्या दशकात तुमच्या साप्ताहिकात मी नवखा वार्ताहर होतो. छपाई आटोपली की तुम्ही मला दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या अमेरिकेतल्या सनसनाटी पेपरांबद्दल सांगायचात. कोर्टात कॅमेरा नेता येत नसे, म्हणून ते पेपरवाले ऑफिसातच माणसं उभी करून फोटो काढायचे आणि त्यावर खटल्यातल्या लोकांची तोंडं कापून चिकटवायचे. एकाने तर पायाला कॅमेरा बांधून, विजेच्या खुर्चीत मरणाऱ्या बाईचा फोटो चोरून काढला होता. “लोकांनी ते पेपर फेकून दिले असतील असं वाटतं तुला? रांगा लावून घेतले,” तुम्ही म्हणायचात. मला किळस यावी म्हणून सांगत होतात. माझ्या डोक्यात मात्र रांगाच राहिल्या.

मग तुम्हाला कावीळ झाली आणि एक अंक माझ्या हाती आला. त्याच आठवड्यात वाऱ्यात कुणकेश्वरच्या एका मच्छीमाराची होडी परत आली नाही. मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको मला बघून आत निघून गेली. सासूने लग्नातला जोडीचा फोटो आणून हातात दिला. “ह्यो छापा. खंय कोणाक गावलो तर वळाकतीत.” त्या म्हातारीने मुलगा सापडावा म्हणून दिलेल्या फोटोतून मी नेमका मुलगाच कापून टाकला. सुनेचं तोंड तेवढं घेतलं, माझ्या बहिणीला वाळूत बसवून काढलेल्या फोटोवर चिकटवलं आणि तो फोटो छापायचा जस्ताचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करायला फोंडाघाटमार्गे कोल्हापूरच्या ब्लॉकवाल्याकडे पाठवला. अंक हातोहात संपला. मी खूश होतो, सर. खोटं कशाला सांगू.

चौथ्या दिवशी ती सून स्वतः आली. तुम्ही नेमके त्या दिवशी पिवळ्या डोळ्यांनी ऑफिसात येऊन बसला होतात. ती माशांची पाटी दाराबाहेर ठेवून आत येते. कपाळावर कुंकू ठसठशीत आहे. अंक टेबलावर ठेवते आणि सावकाश विचारते, “माझो घोव खंय आसा ता दर्याक म्हायत नाय, तुमका कसा कळला? माझा कुंकू कोणी पुसल्यान?” प्रेत हाती लागल्याशिवाय आपल्याकडे कुणी बाईचं कुंकू पुसत नाही. मी इथलाच, मला हे सांगायची गरज नव्हती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फोटो जोडल्याचं मी कबूल केलं, आणि कुंकवाचं विचारलंत तेव्हा म्हणालो, “ते ब्लॉकवाल्याने उडवलं असणार.” तुम्ही उठून तिला हात जोडलेत. “चूक झाली गो बाय. ब्लॉकवाल्यान पुसल्यान.” ती पाटी उचलून गेली.

पुढच्या अंकात तुम्ही स्वतःच्या नावाने माफी छापलीत आणि कोल्हापूरच्या त्या माणसाचं काम बंद केलंत. त्याचं पोस्टकार्ड आलं होतं, ‘फोटो आला तसाच ब्लॉक केला आहे.’ टपाल मी फोडायचो. ते कार्ड तुमच्या टेबलावर कधी आलं नाही. तिचा नवरा परत आला नाही, पण त्याचं प्रेतही सापडलं नाही. ती कुंकू लावत राहिली. पेपरात मात्र विधवा होऊन गेली होती, आणि त्या वर्षी संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही.

बारीक ब्रश घेऊन, खिडकीशी बसून, ते कुंकू मी पुसलं. तुम्ही जन्मात कुणाशी खोटं बोलला नसाल, तिच्याशी बोललात, आणि ते तुम्हाला कळलंही नाही. त्यानंतर दोन वर्षांत तुम्ही गेलात. मी सांगेन सांगेन म्हणत राहिलो.

खरं तर हे पत्र तिला लिहायला हवं होतं. ती अजून बाजारात बसते, इथून दहा मिनिटांवर. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.