नऊ इंच समुद्र आणि नानांचा मुक्काम

ती. दादा यांना,

आमच्याकडच्या सर्वांचा नमस्कार. या खेपेला 'सर्वांचा' म्हणजे नेमका कोणाकोणाचा, ते पुढे कळेलच. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला गेला का? आम्ही इकडे बरे आहोत. तुमच्या बहिणीचे हात खाऱ्या पाण्याने जरा उलले आहेत, पण जीभ शाबूत आहे.

तुमचं पत्र मिळालं. खोली रंगवून झाली, नानांना न्यायला कधी येऊ, असं तुम्ही विचारलं आहे. ठरल्याप्रमाणे आमचं वर्ष संपत आलं, आता पाळी तुमची. तुमचा प्रश्न एका ओळीचा आहे आणि उत्तरही एका ओळीत देता येईल, पण तुमचा गैरसमज होईल (सासऱ्यांच्या बाबतीत जावयाने एका ओळीत काही लिहू नये, हे मी अनुभवाने शिकलो आहे). म्हणून आधी टाकीबद्दल लिहितो. तिच्याशिवाय नानांचं उत्तर समजणार नाही.

घरात समुद्र करायचा हे माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं. तयार टाकी दुकानात मिळते, पण ती आणणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नातला फोटो आपल्या भिंतीवर लावणं. मी स्वतःच करायची ठरवली. चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाणी फक्त नऊ इंच. उथळ अशासाठी, की प्रवाळांना उजेड तळापर्यंत मिळतो आणि बघणाऱ्याला होडीतून वाकून बघावं तसं वरून बघता येतं. हे मी तुमच्या बहिणीला रीतसर समजावून सांगितलं, तर ती 'उथळ पाण्याला खळखळाट फार' एवढंच म्हणाली. हे टाकीला उद्देशून होतं की मला, ते मी विचारलं नाही. (टाकीतलं पाणी सांडून ज्या नळीने खालच्या हौदात उतरतं, तिने पुढे खरोखरच असा खळखळाट केला की शेजारीण 'तुमचा नळ चालू राहिलाय' म्हणून सांगायला आली. नळीच्या डोक्याला हवेसाठी बारीक भोक पाडल्यावर आवाज थांबला. एखाद्या म्हणीवर असा इलाज मीच पहिल्यांदा केला असेन.)

आता नाना. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. मी काचेचे सांधे सिलिकॉनने भरत होतो (बोट एका दमात ओढावं लागतं, मध्ये थांबलात की संपलं), तेव्हा नाना खुर्ची ओढून असे बसले, जणू एखाद्या दुकानावर छापा घालायला आलेत. सांधे एक थेंबही गळले नाहीत. मात्र पाणी भरल्यावर ते एका कोपऱ्यात अर्धा इंच जास्त दिसलं. खोल टाकीत एवढं खपून जातं, नऊ इंचांत ते गावभर होतं.

"जावईबापू, समुद्र कलला तुमचा," नाना म्हणाले.

मी म्हटलं, जमीनच कलती आहे.

"दुकानदारही हेच सांगायचे."

मी टाकी रिकामी करून तिच्या स्टँडच्या पायांखाली पातळ रबरी पट्ट्या सारल्या आणि पुन्हा भरली. पुढे मीठ आलं. पिशवीवर छापलेल्या वजनावर नानांचा विश्वास नाही, म्हणून आपल्या जुन्या तराजूवर तोलल्याशिवाय त्यांनी ती उघडू दिली नाही. मग पाणी किती खारट असावं यावरून आमचं वाजलं. तोवर टाकीत एक मासाही नव्हता, तरी आम्ही दोघं तुमच्या बहिणीमार्फत बोलत होतो. ती ओट्याशी उभी राहून एकाचं दुसऱ्याला पोचवायची आणि वाटेत थोडं स्वतःचं घालायची.

मग खडक आणले. समुद्रातून काढलेल्या या सच्छिद्र दगडांना जिवंत खडक म्हणतात, कारण त्यांच्या भोकाभोकांत काहीबाही राहत असतं. "जिवंत आहे तर विकणाऱ्याने तसं दाखवावं," असं म्हणून नाना भिंग घेऊन बसले. (वजनांवरचे शिक्के तपासायचं तेच भिंग.) दादा, इथून पुढे मात्र आमच्या घरात गंमत सुरू झाली. एका भोकातून केसांचा तुरा बाहेर आला आणि नानांच्या हाताची सावली पडताच आत गेला. नानांनी हात काढला, तुरा आला. हात नेला, तुरा गेला. चहा गार होईपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. मग कणीएवढी पाच पायांची चांदणी काचेवर चढताना सापडली. तुमची बहीण भाजी चिरताचिरता विळी तशीच टाकून यायची आणि 'आज काय निघालं' विचारायची. आम्ही जे जीव विकत आणणार होतो त्यातलं काहीच अजून टाकीत नव्हतं, आणि जे होतं ते कोणी विकलंच नव्हतं.

असाच एक खेकडा निघाला. बटणाएवढा, तपकिरी, केसाळ. दुपारी पडदे ओढलेले असताना नानांनी जेवणातला कोळंबीचा तुकडा पाण्यात धरला की तो दगडाखालून येई. त्याचा एक नांगा मोठा, एक लहान. दोन्ही वर धरून तो उभा राहिला की एक पारडं खाली गेल्यासारखं दिसे, म्हणून नानांनी त्याचं नाव 'मापाडी' ठेवलं. मी हात पुढे केला की तो पसार होई. नानांच्या मते हा माणसांच्या पारखीचा प्रश्न होता.

शेवटी मी प्रवाळ आणलं. जांभळं, बोटभर, प्रत्येक टोकाला उमललेलं फूल. कुठल्या उजेडात, किती प्रवाहात ठेवायचं हे सगळं मी वाचून ठेवलं होतं. चार दिवसांत त्याची फुलं खुडल्यासारखी दिसू लागली. मी पाळत ठेवली आणि मापाड्याला लहान नांग्याने फूल तोडून खाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. नानांना सांगितलं, याला काढावं लागेल.

"पंचनामा झाला का?"

मी म्हटलं, मी पाहिलंय ना.

"साक्षीदार एकच, आणि तोही फिर्यादी."

मी वाद घातला नाही. काचेचा पेला आत खाऊ ठेवून तिरपा लावला. खेकडा आत उतरतो आणि गुळगुळीत काचेवरून त्याला चढता येत नाही. सकाळी पेला रिकामा, खाऊ गायब, आणि आत आइस्क्रीमची लाकडी काडी शिडीसारखी टेकवलेली. (आमच्या घरात आइस्क्रीम कोण खातं हे तुम्हाला माहीत आहे, आणि त्यांना साखर वर्ज्य आहे हेही.) मी नको ते बोललो. या घरात टाकी माझी आहे, असं काहीसं. नाना म्हणाले, "बरोबर आहे. मुलगा खोली रंगवतोय, मी तिकडे जातो." तुमचं पत्र त्याच दिवशी आलं. मी लगेच उत्तर लिहायला घेतलं. त्यात 'या आठवड्यातच या' असं होतं.

ते पाकिटात घालायच्या आत मापाडी मेला. सकाळी वाळूवर उताणा, पाय दुमडलेले. मी गंभीर चेहऱ्याने पाण्यातला प्राणवायू कमी झाला असावा असं निदान केलं. आतून मला बरं वाटायला हवं होतं, पण नानांनी आपले टॉवेल घडी करून बॅगेत ठेवायला घेतले, तेव्हा तसं काही वाटलं नाही. उद्यापासून या टाकीत मी काहीही करू शकेन आणि त्यात चूक काढायला घरात कोणी नसेल, एवढंच मनात आलं.

तुमच्या बहिणीने खेकडा चमच्याने काढून बशीत ठेवला. नानांनी तो हातावर घेतला. आयुष्यभराची सवय, दादा. हात थोडा वर खाली केला, थांबले, आणि तराजू मागितला. तोलून पुन्हा तोलला.

"माल कमी भरतोय."

मी म्हटलं, मेल्यावर वाळला असेल.

"पाण्यात?"

भिंग आलं. कवचाची मागची कड झाकणासारखी उघडी होती आणि आत कोणी नव्हतं. पाय होते, नांगे होते, डोळ्यांची टोपणंसुद्धा होती, फक्त खेकडा नव्हता. "हे नुसतं पाकीट आहे," नाना म्हणाले. "माणूस आतून निघून गेलाय." मग आम्ही तिघं टाकीवर वाकलो. तीन डोकी, चार फूट टाकी, एकमेकांवर आपटत. मधल्या खडकाच्या कपारीत तुमच्या बहिणीला तो दिसला, फिकट, मऊ, आणि आधीपेक्षा मोठा. "तो बघा, कपडे बदलून बसलाय," ती म्हणाली.

नानांनी भिंग पाण्यालगत धरून त्याला नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "एवढा मोठा तो एवढ्याशा सांध्यांतून बाहेर येतो कसा हो?"

दादा, लग्नाला इतकी वर्षं झाली, नानांनी मला चूक काढायला नव्हे, तर समजून घ्यायला पहिल्यांदाच काही विचारलं. सिलिकॉन, सांडवा, मीठ, उजेड, सगळं मला पाठ आहे. खेकड्यांबद्दल मी फक्त ते काढायचे कसे एवढंच वाचलं होतं. मी म्हटलं, माहीत नाही. "मग बघायला हवं," असं म्हणून त्यांनी दुसरी खुर्ची माझ्यासाठी ओढली. तेव्हापासून आम्ही तिथेच बसलेले असतो. बॅगेतले टॉवेल तुमच्या बहिणीने परत काढून दोरीवर टाकले. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तुमची तब्येत सांभाळा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमच्या बहिणीचे यजमान

ता. क. तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. नाना म्हणतात, मापाड्याचं नवं कवच कडक झालं की निघतो, तोवर त्याला एकटं सोडणं बरं नाही. कवच तर झालं कडक. पण माशांच्या दुकानदाराकडून नानांनी माहिती काढली आहे, की खेकडा वाढत राहील तसं हे पुन्हा पुन्हा होणार. तेव्हा न्यायला येऊ नका. बघायला जरूर या, चार दिवस राहायला या.

ता. क. दुसरा. हे पत्र खरं तर एवढ्याचसाठी लिहिलं. मापाडी राहणार म्हटल्यावर प्रवाळाला इथे थारा नाही. तुम्ही नानांसाठी रंगवलेली खोली पूर्वेची आहे, खिडकी मोठी आहे आणि आता ती रिकामीच असणार. टाकी मी करून पाठवतो. प्रवाळ बोलत नाही, जिना चढत नाही, पथ्य मोडत नाही. सांभाळाल का?

ता. क. तिसरा. नानांना आत्ताच हे पत्र वाचायला दिलं. ते म्हणतात, प्रवाळ एकटं पाठवू नका, तिकडे नीट ठेवतात की नाही ते पाहायला कोणीतरी बरोबर जायला हवं. कोणी, ते त्यांनी सांगितलेलं नाही. ते बॅग शोधत आहेत, आणि मी ती माळ्यावर टाकली आहे. शिडीसुद्धा शेजारी देऊन ठेवली आहे. कृपा करून प्रवाळ सांभाळायला जमणार नाही, असं लवकर कळवा.