मागच्या बांधीतले सारस

दुर्गेश,

मागच्या धानाच्या बांधीतली सारसांची जोडी सकाळी पावणेसातला घरट्यावरून उडाली. आता साडेअकरा झाले, तरी ती परतलेली नाही. दोन्ही अंडी उघडी पडली आहेत. तू पेपरला फोटो दिलास आणि त्याखाली गावासकट आपल्या घराचा पत्ता छापून आणलास, म्हणून आज बांधावर सत्तावीस माणसं चढली. मी मोजली.

चौदा वर्षं मी या तालुक्याच्या बातम्या पाठवतो. पावसाळ्यात हिरव्या धानात उभी ही जोडी पाहत मी मागच्या दारात चहा पितो, तेवढा वेळच माझं डोकं शांत असतं. म्हणून ही एकच बातमी मी दिली नाही. काल पेपर माझ्यापुढे टाकून तू म्हणालास, "कायले जळून राहिला, भाऊ? या खेपेस नाव माहं आलं."

नाव तुझं आलं आहे, तर दारात तूच उभा राहा आणि येईल त्याला परत पाठव. बांधाकडे फिरकू नकोस. मी पाणंदीच्या तोंडाशी बसतो. डबा पाठवू नका. दिवस मावळेपर्यंत जोडी अंड्यांवर आली नाही, तर उद्यापासून आपल्या चुली वेगळ्या. आईला तूच सांग.

योगराज