पन्नास की पस्तीस

७ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांनी अण्णांना बाहेर बाकावर बसवून मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, हृदय थकलंय, दोन-तीन महिने धरून चाला. मी बावीस वर्षं पाण्याचे मीटर दुरुस्त करतोय. आकडा सांगणारा माणूस स्वतःची कातडी वाचवून सांगतो, हे मला कळतं. मी वर्षभर धरलं आहे.

घरी आल्यावर अण्णा हिला म्हणाले, एकदा सगळ्यांचा मिळून फोटो काढूया. ताईलाही बोलवा. माझी दोन्ही पोरं एकदम समोर बसलेली बघून किती वर्षं झाली.

अण्णांनी स्वतःहून काही मागितल्याचं मला आठवत नाही. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, स्वतःचा सदरा कायम उरलेल्या कापडाचा. तेव्हा फोटो साधासुधा निघून चालणार नाही. पुढच्या रविवारी काढायचा. पक्कं.

८ फेब्रुवारी, रविवार

कपाटाच्या वरून कॅमेरा काढला. चिमणी झाली तेव्हा हौसेने घेतला होता. ती आता नऊ वर्षांची आहे. बाहेरच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली तिचे सात फोटो काढले. सातही हललेले. चिमणी म्हणाली, बाबा, तुम्हीच हलताय.

मी हलत नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स घरातल्या उजेडात आंधळी आहे. नवी लेन्स घेणे भाग आहे. स्वस्तातली, पण चांगली.

११ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसातून परस्पर कॅमेऱ्याच्या दुकानात. दुकानदार म्हातारे, चष्मा बाटलीच्या बुडासारखा. सगळा बाजार त्यांना भिंगवाले म्हणतो. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, कशाला खर्चात पडता? सकाळी दहाच्या सुमाराला वडिलांना खिडकीशी बसवा आणि आहे त्याच लेन्सने काढा. पाच मिनिटांचं काम.

दुकानदारच विकत घेऊ नका म्हणायला लागला, तर त्याला धंद्यात रस उरलेला नाही असं समजावं.

१५ फेब्रुवारी, रविवार

फोटो पुढे ढकलला. कारण तांत्रिक. लेन्स दोन प्रकारच्या आहेत. दोघींचं तोंड मोठं, उजेड भसाभसा आत घेतात, किंमत परवडणारी. पन्नासवाली, म्हणजे पन्नास मिलिमीटरची, चेहरा सुंदर काढते, पाठीमागचा पसारा धुक्यासारखा विरघळवते. पस्तीसवाली लहान खोलीत जास्त माणसं सामावून घेते. आज एकूण एकोणीस रिव्ह्यू वाचले. नऊ पन्नासचे, नऊ पस्तीसचे, आणि एकाने मधेच स्वतःच्या मांजराबद्दल लिहिलं होतं.

गॅलरीत बसून वाचत होतो. आतून अण्णांनी दोनदा हाक मारली. म्हणालो, तुमच्याच कामात आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ही म्हणाली, त्यांना फोटो हवाय, लेन्स नकोय. बायकांना प्रश्नाची एकच बाजू दिसते.

पुढे म्हणाली, तुम्ही संध्याकाळचं त्यांच्याजवळ बसत का नाही? बसतो की. काल बसलो होतो. अण्णांच्या पायाला सूज आहे, बोटाने दाबलं तर खळगा राहतो. तो भरून यायला किती वेळ लागतो हे मी घड्याळात बघत होतो. मग एकदम आठवलं की एका रिव्ह्यूचा दुसरा भाग वाचायचा राहिलाय, म्हणून उठलो.

२२ फेब्रुवारी, रविवार

निर्णय झाला. पन्नास! फोटो म्हणजे शेवटी चेहरा. अण्णांचा चेहरा यायला हवा.

ताईला फोन केला. म्हणाली, मी गेल्या रविवारीच येणार होते, तूच तर नको म्हणालास. समजावलं की घाईघाईत आयुष्यभराचा फोटो बिघडवण्यात अर्थ नाही. आठ मार्चला ये.  मग म्हणाली, अण्णा कसे आहेत ते खरं सांग. म्हणालो, उत्तम. कालच अर्धी पोळी खाल्ली.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की अण्णांनी अर्धी मागितली होती, प्रत्यक्षात चतकोरच गेली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लेन्स आली. भिंगवाल्यांकडे वापरलेली मिळाली, निम्म्या किमतीत. देताना त्यांनी विचारलं, खोली केवढी आहे? म्हणालो, पुरेशी आहे. ते काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

घरी सराव. अण्णा झोपले होते, म्हणून त्यांच्या खुर्चीत उशी ठेवली. उशी अप्रतिम आली. अभ्र्याचा टाका न् टाका मोजून घ्यावा. हिला दाखवलं. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली आणि अण्णांकडे आत गेली. कलेतलं सगळ्यांनाच कळतं असं नाही.

१ मार्च, रविवार

उशी, पिठाचा डबा, चिमणीचं दप्तर, पुन्हा उशी. एकशे चाळीस फोटो झाले. हात बसत चाललाय.

अण्णा खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, माझा एक काढ ना. म्हणालो, आता नको, दाढी वाढलीय तुमची. रविवारी व्यवस्थित काढू. ते म्हणाले, बरं. मग गालावरून हात फिरवत राहिले.

५ मार्च, गुरुवार

अण्णांना जिना उतरवत नाही. डॉक्टर घरी येऊन गेले. दारात हळू आवाजात म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या. सांगितलं, रविवारी बोलावलेलंच आहे. डॉक्टरांना आमच्या नियोजनाची कल्पना नाही.

८ मार्च, रविवार. सकाळी नऊ

ताई आणि भावोजी पहिल्या बसने आले. ताईने अण्णांना बघितलं आणि थेट स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर येऊन मला एवढंच म्हणाली, उत्तम आहेत, नाही का?

अण्णा मात्र खुशीत. आंघोळ, दाढी, निळा सदरा. सदरा दोन वर्षांपूर्वीचा, स्वतःच शिवलेला. आता गळ्यात आणखी एक मान मावेल इतका सैल झालाय. अण्णांनी आरशात बघून सांगितलं, दीड इंच आत घ्यायला हवा. अकरा वाजता फोटो.

८ मार्च. संध्याकाळी सहा

अडचण आली. किरकोळ.

खोली दहा फुटांची. पाठ भिंतीला लावली, मग दारात गेलो, मग दार उघडून जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहिलो. तरी पन्नासमध्ये दोन माणसंसुद्धा मावेनात. अण्णा घेतले की ताईचा कान तेवढा येई, ताई घेतली की अण्णा निम्मे जात. भावोजी म्हणाले, जुनी लेन्स लाव की. म्हणालो, त्या लेन्सने हललेला येतो. ताई म्हणाली, मोबाईलवर काढू. म्हणालो, अण्णांनी जन्मात एकदा मागितलंय, मोबाईलवर काढू?

सगळ्यांना आहे तसं बसायला सांगितलं आणि पन्नास देऊन पस्तीस आणायला निघालो. जास्तीत जास्त एक तास.

रविवार आहे, हे डोक्यात आलंच नाही. दुकान बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, कधीमधी दुपारी उघडतात. पायरीवर बसून राहिलो. हिचे चार फोन येऊन गेले. घेतले नाहीत, कारण सांगण्यासारखं काही हातात नव्हतं. अडीच वाजता भिंगवाले आले. कुलूप काढता काढता म्हणाले, अहो, इथे कशाला बसलात, घरी असायला हवं होतं तुम्ही. तरी लेन्स बदलून दिली.

घरी पोचायला साडेतीन. अण्णा झोपले होते. सदरा खिळ्याला. ताई बॅग भरत होती, शिक्षिका आहे, उद्या तिची शाळा. कोणी काही बोललं नाही. चिमणीसुद्धा नाही. म्हणजे गैरसमज नाही. पुढचा रविवार.

१० मार्च, मंगळवार

पस्तीसच बरोबर होती! खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं मावतं. माझाच आधीचा निर्णय थोडक्यात चुकला होता.

अण्णांना सांगितलं. डोळे मिटूनच हसले. म्हणाले, झालं का तुझं मनासारखं? म्हणालो, झालं. म्हणाले, मग बस आता जरा.

बसलो. दहा मिनिटं तरी बसलो असेन. लेन्स पुसायचं कापड आत राहिलं होतं.

१४ मार्च, शनिवार

अण्णा गेले. गुरुवारी, सकाळी आठला. मी दाढी करत होतो. हिने हाक मारली, तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. तरी मी तोंड धुऊन, पुसून, मगच गेलो.

आज एवढंच.

२२ मार्च, रविवार

ताई म्हणाली, भिंतीवर लावायला अण्णांचा फोटो हवा. म्हणालो, बघतो, भरपूर आहेत.

कॅमेऱ्यात दोनशे बारा फोटो आहेत. सगळे एकेक करून पाहिले. एकाच फोटोत अण्णा आहेत, तेही निम्मे. दुसऱ्या निम्म्यात ताईचा कान. फोकस कानावर आहे.

सांगितलं तिला. वाटलं होतं भडकेल. तिने पर्समधून मोबाईल काढला आणि माझ्या हातात दिला.

आठ मार्च, बारा चाळीस. मी दुकानाच्या पायरीवर होतो तेव्हाचा. शेजारच्या वहिनींना बोलावून ताईच्या मोबाईलवर काढून घेतलेला. उजेड ट्यूबलाइटचा, सगळ्यांचे चेहरे जरा हिरवट, भावोजींचे डोळे मिटलेले. आणि अण्णा तोंडभर हसताहेत. असे हसताना मी त्यांना शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही.

कशाला हसले, विचारलं. ताई म्हणाली, तुझंच चाललं होतं. एक डोळा मिटून, गुडघे वाकवून तू कसा मागे मागे जिन्यात जात होतास, ते बसल्या बसल्या करून दाखवत होते. चिमणी लोळत होती.

फोटोत अण्णांच्या उजव्या हाताला मोकळी जागा आहे. एका माणसापुरती. ताईने सांगितलं, आम्ही सरकून बसत होतो, अण्णांनीच थांबवलं. म्हणाले, तिथे कोणी उभं राहू नका, तो येईल एवढ्यात. दीड तास बसले होते रे ते. मग मानच धरवेना, तेव्हा म्हणाले, घ्या काढून.

मला का नाही सांगितलंत त्या दिवशी, विचारलं. ताई म्हणाली, अण्णा नको म्हणाले. एवढ्या उन्हात गेलाय, त्याला वाईट वाटेल.

४ एप्रिल, शनिवार

फ्रेमच्या दुकानात गेलो. फ्रेमवाला माझ्याच वयाचा, कानाला पेन्सिल. फोटो टेबलावर ठेवून त्याने लांबून बघितला, जवळून बघितला, मग पेन्सिलीने कडेची मोकळी जागा दाखवली. म्हणाला, इथे उगाच रिकामं वाटतंय, एवढं कापू? सगळे मधोमध येतील.

म्हणालो, नको. ती जागा मुद्दाम ठेवलीय.

म्हणाला, अच्छा. तुम्हीच काढलाय का?

हो, म्हणालो.

म्हणाला, छान आलाय हो. आजोबा काय हसताहेत! माणसाला असं हसवायला जमलं पाहिजे.

तो फ्रेमच्या पट्ट्या काढून एकेक फोटोला लावून बघायला लागला. तपकिरी, काळी, मग सोनेरी कडेची. मी तपकिरी म्हणालो. त्याने माप घेतलं, पावतीवर नाव लिहिलं, बुधवारी या म्हणाला. मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

म्हणालो, तो फोटो मी नाही काढला. मी नव्हतो तिथे.

त्याने मान वर केली. म्हणाला, बरं. मग पुन्हा विचारलं, जागा ठेवायचीय ना?

ठेवा, म्हणालो.