जिन्याखालचं घमेलं

४ एप्रिल, शनिवार

शी! आज दुकानात एक कोट आला, काखेत घामाचे पांढरे नकाशे, कॉलरवर काळी साय. देणारा मात्र अत्तरात न्हालेला. पावती दिली आणि आत जाऊन हात धुतले. लाँड्रीच्या काउंटरवर बसलं की माणसाची आतली बाजू दिसते, आणि ती काही बघण्यासारखी नसते. त्यात शेजारी वाफेची इस्त्री फुसफुसत असते. बाहेर ऊन, आत वाफ.

घरी आले तर जिन्याखाली म्हातारी आडवी. म्हातारी म्हणजे आमच्या इमारतीची कुत्री — तोंड पांढरं झालेलं, एक कान दुमडलेला, कुणाचीच नाही आणि सगळ्यांच्या पायात. जीभ लोंबतेय, बरगड्या भात्यासारख्या वरखाली होतायत. आणि अख्खी इमारत तिच्यावरून पाय उचलून आपापल्या पंख्याखाली गेलेली! एकाला वाटलं नाही की वाटीभर पाणी ठेवावं. किळस येते मला या लोकांची.

जुनं प्लास्टिकचं घमेलं होतं, ते घासलं, भरलं आणि मीटरच्या पेट्यांखाली सावलीत ठेवलं. म्हातारीने अर्धं एका दमात संपवलं.

६ एप्रिल, सोमवार

सकाळी दुकानाला निघताना घमेलं भरलं. सेक्रेटरी म्हणाले, घाण होते. म्हटलं, तुमच्या गाडीखाली तेल सांडतं त्यापेक्षा कमी. बरं वाटलं.

९ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी येते तर घमेलं उपडं. कालही तेच, परवाही तेच. खाली फरशी कोरडी ठणठणीत आणि म्हातारी रिकाम्या घमेल्याकडे तोंड करून बसलेली. म्हणजे कुणीतरी रोज भरल्या दुपारी मुद्दाम येऊन सांडतंय. विचार करून बघा — करपवणाऱ्या उन्हात, कामधाम सोडून खाली उतरायचं, ते कशासाठी? तर मुक्या जनावराचं पाणी ओतून द्यायला! असली माणसं माझ्याच जिन्याने चढतात, माझ्याकडे बघून हसतात.

हे म्हणाले, "वाऱ्याने पडलं असेल." पान हलत नाहीये आठवडाभर! यांना वारा कुठून दिसला देव जाणे.

११ एप्रिल, शनिवार

आज दुकानात भांडण झालं. भांडण कसलं, मीच केलं. एक बाई रेशमी पडदे घेऊन आल्या, डाग कसा काढणार, रंग जाईल का, हमी देता का — चालूच. माझं लक्ष बाहेर. बाईंची गाडी उन्हात, काचा बंद, आणि आत एक पांढरं, चिमुकलं कुत्रं काचेला नाक घासतंय. काच त्याच्या श्वासाने धुरकट झालेली.

मी म्हटलं, आधी त्याला बाहेर काढा. तर म्हणतात, "अहो दोनच मिनिटं तर आलेय." मी पडदे गोळा करून त्यांच्या हातात कोंबले. गाडीत जाऊन बसा, काचा लावा, दोन मिनिटांनी या, मग डागाचं बोलू. मालक आतून धावत आले. पण बाई गेल्या खऱ्या, दार उघडलं. कुत्रं थरथरत होतं. दुकानातल्या पंख्याखाली धरलं, वाटीतून थोडंथोडं पाणी दिलं, तेव्हा जरा भानावर आलं. बाईंना वाईट वाटलं ते पडदे चुरगळल्याचं!

मालकांनी ऐकवलं. ऐकून घेतलं. मला खोटं कळत नाही, पण घाण बरोबर कळते, ती कितीही अत्तर लावून आली तरी.

१४ एप्रिल, मंगळवार

सापडलं! आणि कोण सापडलं — लिहायला हात होत नाहीये.

दुकानातली वीज गेली म्हणून दुपारीच सोडलं. फाटकातून आत येते, तर जिन्याखाली वाकून उभी नर्सताई. हातात माझं घमेलं. खाली सगळं ओलं.

नर्सताई म्हणजे वरच्या मजल्यावरची. हॉस्पिटलातून निवृत्त झाली, पण आतली नर्स काही निवृत्त झाली नाही. तापाच्या साथीत तिने काय काय बघितलंय ते तिलाच माहीत. तेव्हापासून तुंबलेलं पाणी दिसलं की तिचा हात शिवशिवतो. काठी घेऊन इमारतभर फिरते — कुंड्यांखालच्या ताटल्या उलट्या कर, कूलरची टाकी उपस, गच्चीवरचं टायर हलव. डास होतात म्हणे. सगळे हसतात तिला. मीही हसते, पण माझं हसणं मायेचं. माझ्या सगळ्या दुखण्याखुपण्यात तीच उशाशी. यांचं दर गुरुवारचं इंजेक्शन तीच देते. रोज संध्याकाळी आमचा चहा जिन्याच्या पायरीवर.

मला बघून म्हणाली, "उपडं पडलं होतं गं."

काय सहज म्हणाली! भांडं तिच्या हातातून घेतलं आणि वर आले. चहाला गेले नाही.

१५ एप्रिल, बुधवार

मीटरच्या पेटीवर पाटी चिकटवली: 'हे पाणी कुत्रीसाठी आहे. भांड्याला कुणीही हात लावू नये.' 'कुणीही'खाली रेघ मारली. तिला कळेल.

१८ एप्रिल, शनिवार

पाटी आहे. घमेलं उपडं. काही लाज?

२० एप्रिल, सोमवार



संध्याकाळी आले तर म्हातारी जिन्याखाली नाही. पार्किंगच्या मागे भिंतीला चिकटलेली सापडली. डोळे अर्धे उघडे, तोंडाशी फेस, हाक मारली तर कानही हलला नाही. जिन्याखाली घमेलं उपडं, फरशी इतकी कोरडी की सकाळपासून थेंब पडला नसावा.

ह्यांना हाक मारली. दोघांनी तिला चादरीत घालून रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मी बर्फ मागितला तर डॉक्टर म्हणाले, बर्फ नको, साधं गार पाणी. पंजे, पोट, काखा ओल्या फडक्यांनी पुसत राहा, पंखा लावा. पाणी स्वतः प्यायली तर प्यायली, तोंडात ओतू नका. मग सलाईन लावलं. म्हणाले, "दिवसभर पाणी मिळालेलं दिसत नाही हिला. वय झालंय. रात्र काढली तर बघू."

तिला तिथेच ठेवून परत आलो. हे म्हणत होते, आत्ता नको, शांत झाल्यावर बोल. मी सरळ वर गेले. नर्सताईने दार उघडलं, डोळ्यांवर काळा चष्मा. घरात काळा चष्मा! मी तिथेच जिन्यात उभी राहून बोलले. दारं उघडल्याचे आवाज येत होते, तरी बोलले. म्हटलं, "जन्मभर माणसांची शुश्रूषा केलीस आणि मुक्या जनावराला तहानेने मारायला निघालीस? किळस येते मला तुझी."

ती म्हणाली, "मी ते पाणी सांडलेलं नाही." आवाज चढवला नाही, रडली नाही. दार लावून घेतलं.

खोटारडी.

२१ एप्रिल, मंगळवार

म्हातारीने रात्र काढली.

२३ एप्रिल, गुरुवार

म्हातारीला घरी आणलं. घरी म्हणजे आमच्या मागच्या गॅलरीत, ओल्या गोणपाटावर. ह्यांना कुत्र्याचा वास सहन होत नाही म्हणे, पण दुपारी गोणपाट तेच भिजवतात. उठते, दोन पावलं चालते, परत बसते.

आज गुरुवार. हे गुपचूप वर जाऊन इंजेक्शन घेऊन आले. तेही चपला न घालता, मला ऐकू जाऊ नये म्हणून! घरातच फितुरी. विचारलं, काय म्हणाली? हे म्हणाले, काही नाही, म्हातारी खाते का एवढंच विचारलं. वा! विष पेरायचं आणि पीक कसं आलं ते विचारायचं.

चहा करते आणि अर्धा ओतून देते. एकटीला कप जास्त होतो.

२६ एप्रिल, रविवार

म्हातारी गॅलरीत राहायला तयार नाही. दाराला नखं लावते, रडते. सोडली तशी सरळ जिन्याखाली, आपल्या जागेवर. घमेलं परत ठेवलं. पाटी नव्याने लिहिली, अक्षर मोठं केलं.

इमारतीत आता सगळे माझ्याशी फार गोड बोलतात. सेक्रेटरी म्हणाले, बरं झालं, कुणीतरी बोलायलाच हवं होतं तिला, आमच्या कुंड्यांचा छळ मांडला होता. या लोकांनी जन्मात त्या कुत्रीला चमचाभर पाणी दिलं नाही! हेच लोक माझ्या बाजूने. जेवण गेलं नाही.

२७ एप्रिल, सोमवार

हे जेवताना म्हणाले, त्या सोमवारी ताई घरात नव्हत्याच. सकाळीच डोळे तपासायला गेल्या होत्या, डोळ्यांत औषध घातलेलं, संध्याकाळी तुझ्या जरा आधी आल्या. काळा चष्मा त्याचाच.

म्हटलं, मग जाता जाता सांडून गेली असेल. हे ताट उचलून उठले. ह्यांचं ते असं उठून जाणं मला अजिबात आवडत नाही.

३० एप्रिल, गुरुवार

इस्त्रीची वाफ बंद पडली, मालकांनी भर दुपारी घरी पाठवलं. फाटकाशीच थांबले.

म्हातारी उठली. घमेल्याच्या काठावर पंजा ठेवला आणि दाबला. सगळं पाणी फरशीवर. मग त्या ओल्या फरशीवर पोट टेकून, चारही पाय पसरून आडवी झाली. माझ्या पाटीखाली.

वरून काठीचा आवाज आला. नर्सताई उतरली, एका हातात काठी, एकात तांब्या. वाकून घमेलं सरळ केलं. तांब्या त्यात ओतला. म्हातारीने शेपटी आपटली — रोजची ओळख असल्यासारखी. ताई वर निघून गेली. मी तिला दिसले नाही.

ती एक दिवस घरात नव्हती, त्या दिवशी म्हातारी मरता मरता वाचली.

आत्ता हे चपला शोधतायत. म्हणाले, इंजेक्शनचा वार आहे, जाऊन येतो. म्हटलं, थांबा, मीही येते.