रडण्याचा सीन

बाभुळगाव,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. रुपीआत्यास,
जयाचा सा. न. वि. वि. आणि जय सेवालाल.

फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण तुझा फोन बादलदादा उचलतो आणि स्पीकरवर टाकतो. मग अख्खं घर ऐकतं.

आमच्या सिनेमाचं शूटिंग इथे सुरू झालं. खुनाचा सिनेमा आहे आणि गोष्ट तूच सांगितलेली, मानीबाईची. नावं बदलली आहेत. नवरा पाय घसरून विहिरीत पडला असं सासरचे सांगतात. ती माहेरच्या तांड्यावर येते, बायांच्या गळ्यात पडून आपल्या बंजारा रीतीने सुरात रडते आणि त्या रडण्यातच सांगते की दिराने ढकललं. तिला पोचवायला आलेला दीर तिथेच बाजेवर चहा पितो आहे. पण बायांच्या रडण्याकडे कोण लक्ष देतं? दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया बैलगाड्यांत बसून ठाण्यावर जातात. शेवटी इन्स्पेक्टर ही युक्ती लोकांना उलगडून सांगतो.

अडचण अशी की आमच्या नटीला तसं रडता येत नाही. ग्लिसरीन घालते आणि हुंदके देते. तू येशील का? ढाणकीला तंबूतला सिनेमा यायचा, तेव्हा कनातीच्या बायांच्या बाजूला तू मला मांडीवर घेऊन बसायचीस आणि व्हिलनला अशा शिव्या द्यायचीस की पलीकडचे बाप्ये कनात उचलून बघायचे. आता पडद्यावर तूच ये.

हिरासिंगमामांना नमस्कार. तुझ्या मायेची सवय लागली आहे, ती मोडू नको.

तुझी,
जया


ढाणकीजवळचा तांडा,
२० नोव्हेंबर २०२४

चि. जया हिस आत्याचे अनेक आशीर्वाद, जय सेवालाल.

तुह्यं पत्र भेटलं. पोस्टमन म्हणे, बँकेचं नाही, कोर्टाचं नाही, मंग हे आहे तरी काय. केस वाढवून राह्यली का अजून पोरावाणीच आहेत?

कनातीचं वाचून हसू आलं. मंग याडी आठवली, तुही आजी. लग्नाच्या आधी ज्वारी निवडता निवडता तिनं मले ढावलो शिकवला. नवरी सासरी जातानी रडते ते गाणं. सूर चुकला की टपली मारे. म्हणे, बाई, जे तोंडानं बोलता येत नाही ते सारं ह्याच्यात घाल. बाप्ये ऐकत नाहीत, उठून जातात.

पण मी येणार नाही. आन् तो सीनही काढून टाक. काहून, ते ऐक.

तुले वाटते ही जुनी गोष्ट आहे. माही नात पायल श्रावणात तीजेच्या सणाले आली होती, ती सासरी परत गेली नाही. आम्ही नातजावयाले सांगितलं की तिले अशक्तपणा आहे. खरं असं की ती आल्या आल्या माह्या गळ्यात पडून रडली. तिचा फोन तो आपल्याजवळ ठेवते, एकटीले कोणाशी बोलू देत नाही. तो तिथंच मोटारसायकलवर बसून मोबाइल पाहून राह्यला होता. तिनं रडता रडता सांगितलं की हा मले पट्ट्यानं मारते, मले परत पाठवू नका. त्याले अजून समजलं नाही की आम्हाले कसं समजलं.

तुह्या इन्स्पेक्टरनं उलगडून सांगितलं तर त्याले समजन, मंग सगळ्यायले समजन. उद्यापासून बाई रडाले लागली की बाप्ये कान टवकारतील. आपल्या बायांजवळ तेवढं एक दार आहे, जया. ते तू तिकीट लावून उघडून राह्यली.

राग धरू नको. टायमावर जेवत जाय. माह्या मनातली तुही जागा आहे तशीच आहे.

तुही आत्या,
रुपी


बाभुळगाव,
९ डिसेंबर २०२४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी ही गोष्ट संपलेली समजून चालले होते.

पायलचं नाव न घेता दिग्दर्शकांशी भांडले. गुन्हा बायांनी शोधला, मग त्याचं भाषण इन्स्पेक्टरच्या तोंडी कशाला, असं म्हटलं. ते म्हणाले, प्रेक्षकांना कळणार कसं? मी म्हटलं, ज्याला ऐकायचं असेल त्याला कळेल. शेवटी इन्स्पेक्टरचं भाषण गेलं. रडणं आपल्या गोरबोलीतच राहील, खाली मराठी ओळही येणार नाही. बदल्यात लेखिका म्हणून माझं नाव गेलं, सहायकांच्या गर्दीत आलं.

पण तांड्यावरच्या बाप्यांना गोरबोली येते. ते कान देतील का, हे मला सांगता येत नाही. म्हणून निर्णय तुझा. तू आली नाहीस तर तो सीन होणारच नाही, मी होऊ देणार नाही.

काहीही ठरव, पण पायलला यवतमाळला माझ्या मैत्रिणीकडे पाठव. ती वकील आहे, घरात जागाही आहे.

रागावली असशील तरी लिही. तुझ्या शिव्याही मला चालतात.

तुझी,
जया


तांडा,
१४ सप्टेंबर २०२५

चि. जया हिस अनेक आशीर्वाद, जय सेवालाल.

काल बादलनं जीप केली आन् आम्ही सारे यवतमाळले तुहा सिनेमा पाह्यला. पायल तिथं आलीच होती. तुह्या वकीलबाईनं केस लावली, आता ती नर्सिंग शिकून राह्यली. माह्या बाजूलेच बसली.

तू इन्स्पेक्टरचं भाषण काढलं म्हणून मी शूटिंगले आली खरी, पण माह्या रडण्याचा सीन आला, तवा मी पडद्याकडे पाह्यलंच नाही. बाप्यांच्या रांगेकडे पाहत बसली. मी पडद्यावर गळा काढून सांगून राह्यली होती की कोणी ढकललं, कोणत्या विहिरीत ढकललं. बादलनं मोबाइल काढला. दोघं-तिघं जांभया देऊन राह्यले होते. आमचे हे, तुहे मामा, उठले आन् समोसे आणाले गेले. बाया मात्र हालल्या नाहीत. पायलनं माहा हात धरला, तो सीन संपेपर्यंत सोडला नाही.

आज सकाळीच शेजारच्या रुक्माबाईच्या पोरी आल्या. म्हणे, आजी, आम्हाले ढावलो शिकव. मी ज्वारीचं सूप पुढ्यात घेतलं, याडीवाणी. पहिलीच टपली मारली तं मोठी पोरगी हसाले लागली. मले याडीची लय याद आली.

दिवाळीले घरी ये. तुह्यावर जीव आहे, तो पत्रात मावत नाही.

तुही आत्या,
रुपी

ता. क. तुह्या मामांचा निरोप आहे. सिनेमा चांगला आहे म्हणतात, पण खून कोणी केला हे बायांले समजलं कसं, ते दाखवाचं राहून गेलं. पुढच्या सिनेमात ध्यान ठेव म्हणे.