लोखंडी हाताला रोजा नव्हता

शिरूर (घोडनदी)
रविवार, २८ नोव्हेंबर १९९९

सिद्दीकमामा आणि सुगराबीमामी,

महेंद्रचा सलाम आणि जय भीम. आम्ही इकडं खुशाल आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालतो. तिकडं राहू गावी आबांचा गुडघा दुखतोय, पण विडी काही सुटत नाही. आई रोज बोलते, ते रोज न ऐकल्यासारखं करतात. करुणाला इथल्या शाळेत तात्पुरती नोकरी लागलीय. आमची रश्मी चालायला लागली, आता हाताला लागेल ते ओढते.

पत्र तुमची जास्मिन वाचून दाखवत असणार. जास्मिन, सावकाश वाच. पुढं एक जागा येईल, तिथं तुझा आवाज बारीक होईल. तसा होऊ देऊ नकोस.

मंगळवारी चौफुल्याला तुमचा नौशाद भेटला. सायकलच्या दुकानासाठी टायर घ्यायला आला होता. चहा घेता घेता म्हणाला, "अब्बा आता रोजं धरत न्हाईत. अम्मी धरूच देत न्हाई. म्हनती, उपाशी ऱ्हाऊन तीन बोटं गेली, आता काय जीव घालवायचा हाय का?" माझा चहा तसाच राहिला. तेव्हापासून हे पत्र तीनदा लिहून फाडलंय.

आधी कामाचं सांगतो. कारखान्यात बाटल्यांच्या साच्याला तेल मारायचं काम माणसाकडनं काढून घ्यायचं ठरलंय. तुमच्यानंतर त्या जागी चारजण आले आन् गेले. कोण टिकणार? तापलेला साचा उघडतो आन् मिटतो, तेवढ्यात तेलाचा बोळा आत फिरवून हात बाहेर काढायचा. तेल कमी पडलं तर काच साच्याला धरते, जास्त झालं तर बाटली काळी. म्हणून यंदा मी एक लोखंडी हात बनवायला घेतला. हवेच्या दाबानं पुढं सरकतो, तेलाचा फवारा मारतो, मागं येतो. ड्रॉइंग माझं, जोडणी वर्कशॉपमधल्या बाळासोची. बाळासो रोज विचारतो, "ह्याची साप्ताहिक सुट्टी कंच्या वारी?"

पहिले काही महिने नुसती फजिती झाली. फवारा साच्यात कमी आणि आमच्या तोंडावर जास्त. त्या हाताला मी त्याचं स्वतःचं घड्याळ बसवलं होतं, इतक्या सेकंदाला आत, इतक्या सेकंदाला बाहेर. सप्टेंबरात एकदाचं जमलं, आठवडाभर बिनघोर चाललं. मग एके दिवशी पहिल्या पाळीत, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, कडाड आवाज झाला. पळत गेलो तर साचा मिटलेला आणि हात आत. उसाच्या चिपाडासारखा चेपला होता. सगळे हसले. बाळासो म्हणाला, "ह्योबी गेला रजंवर."

मला हसू आलं नाही. कारण काही हुडकायला लागलं नाही. ऑर्डर उरकायची म्हणून ऑपरेटरनं मशीनचा वेग मिनिटाला दोन बाटल्यांनी वाढवला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. मशीन पळायला लागलं, हाताचं घड्याळ मात्र जुन्याच चालीनं चाललं.

मामा, त्या लोखंडी हाताला काही रोजा नव्हता.

जास्मिन, इथनं मोठ्यानं वाच.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत, तुमच्या विसाव्या रोजाला, मशीनचा वेग मी वाढवला होता. मिनिटाला दोनच बाटल्या. आपल्या लाइनची रीत तुम्हीच मला शिकवलेली. वेगाला जो हात लावील त्यानं फळ्यावर खडूनं लिहायचं, आणि तेल मारणाऱ्यासमोर उभं राहून तोंडानंही सांगायचं. कारण तुम्ही साच्याकडं बघत नव्हता, मोजत होता. ओठातल्या ओठात एक, दोन, तीन, चार, आणि पाचाला हात बाहेर. बारा वर्षांत त्या पाचाला कधी फरक पडला नव्हता. मी म्हटलं, दोन बाटल्यांनी काय होतंय, चहा घेऊन येतो आणि मग सांगतो. कप हातात होता तेव्हाच तुमचा आवाज आला.

सगळे तुमच्याकडं धावले. मीही धावलो, पण आधी मशीनचा वेग गुपचूप खाली आणून ठेवला. तुमच्याकडं नंतर आलो.

रिपोर्टात लिहिलं गेलं, कामगार उपाशी होता, चक्कर आली, हलगर्जी झाली. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पर्मनंट होऊन तीन महिने झाले होते, लग्न ठरलं होतं. कारणं काय, ढिगानं सापडतात. तुमच्या हातापुढं ती मांडायची मला लाज वाटते.

पुण्याला दवाखान्यात भेटायला आलो, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "माझीच गिनती चुकली रं महिंदर." मी मोसंबं सोलत होतो. साल काढली, शिरा काढल्या, बिया काढल्या, पण तोंड उघडलं नाही. "साहेबरावचं पोरगं हाय, घ्या कामावर," म्हणून ज्यानं माझ्यासाठी साहेबांपुढं शब्द टाकला, त्याच्यापुढं मी मूग गिळून बसलो. तुमची गिनती चुकली नव्हती, मामा. साचा तुमच्या पाचाच्या आधी मिटला, आणि तो मी मिटवला.

सप्टेंबरात लोखंडी हात चेपला तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं. तरी दोन महिने तो दुरुस्त करत बसलो. तुम्ही रोजे सोडलेत हे नौशादनं सांगितलं, मग मात्र कागद पुढं ओढला. शुक्रवारी सगळं लिहून, सही करून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब म्हणाले, "दोन वर्षांनी मढं उकरून काय मिळणार?" मी म्हटलं, "मढं कसलं साहेब, माणूस केडगावात जिता बसलाय." त्यांनी कागद ठेवून घेतला आणि नकलेवर शिक्का मारून दिला. ती पाकिटात घातलीय. माझी चौकशी बसणार. बसू दे. करुणाला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "आधी का नाही बोललास?" आणि दिवसभर अबोला धरला. बरोबर केलं तिनं.

आता हाताचं घड्याळ काढून टाकलंय. तो मशीनच्याच फिरत्या शाफ्टला जोडलाय, मशीन पळालं की तोही पळतो, आणि तो पुरता मागं आल्याशिवाय साचा मिटतच नाही. पंधरा दिवस झाले, कुठं अडला नाही. बाटलीच्या गळ्याशी तेवढा काळा डाग येतो, तुमच्या बोळ्यानं कधी यायचा नाही. गळ्याशी तुम्ही मनगट कसं वळवत होता ते मला कागदावर उतरवता येईना. ते तुम्हीच शिकवायला पाहिजे. साहेब हो म्हणालेत. काम बटणाचं आहे, डाव्या हातानं होईल. येणं न येणं तुमच्या मनावर. माझं तोंड बघायचं नसेल तर बाळासोला शिकवा, मी त्या पाळीला थांबणार नाही.

मामी, शेवटचं तुम्हाला. दहा-बारा दिवसांत चाँद दिसेल. मामांचा हात उपासानं गेला नाही, माझ्यामुळं गेला. तोंडाला येतील तेवढ्या शिव्या मला द्या, मी केडगावला येऊन उभ्यानं ऐकीन. पण यंदा त्यांना रोजे धरू द्या.

तुमच्या हाताचा अपराधी,
महेंद्र