तारा की मावशीचं कुंपण?

शार्लट्सव्हिल, ४ डिसेंबर १९७८

ती. डेल्फियामावशीस रोवेनाचा सा. न. वि. वि.

तुझा सफरचंदाचा मुरंबा पोचला आणि खोलीतल्या मुलींनी त्याचा फडशाही पाडला. मला बोटाएवढा मिळाला.

बातमी मात्र बरी नाही. तुमच्या ग्रीन बँकच्या रेडिओ-दुर्बिणीतून मला नवा तारा सापडला ना, सेकंदासेकंदाला टिकटिक करणारा? प्राध्यापक म्हणतात, हा तारा नव्हेच. ठोके फिसकटलेले, कधी ठणठणीत, कधी गायब. गावातल्या कुणाचं तरी विजेचं कुंपण असणार, तेही सेकंदाला एक झटका देतं! मी रेडिओलहरींच्या एकाच पट्टीवर ऐकलं होतं, त्यामुळे ते खोडून काढता येईना. तेरा तारखेला पुन्हा ऐकायची एकच संधी आहे. ती फुकट गेली तर प्रबंध बुडाला. तुझ्या गाईंच्या कुंपणानेच घात केला नाही ना माझा?

फोनवर हे बोलत नाही. तुमच्या सामाईक लाइनीवर अर्धं गाव कान लावून असतं.

तुझी माया आहे तशी राहू दे.
रोवेना

ग्रीन बँक, ९ डिसेंबर

चि. रोवेनास अनेक आशीर्वाद.

तू थट्टेत लिहिलंस, पण मी लगेच रस्त्यावर गेले. दुर्बिणीवाल्यांची एरियलची गाडी दुर्बिणीला त्रास देणारी खरखर शोधत नेहमीसारखी गावातून फिरत होती, तिला थांबवलं. त्या माणसाने कुंपणापाशी एरियल धरलं आणि म्हणाला, कडकडतंय खरं. मी तिथल्या तिथे बटण बंद केलं.

गाईंना ते कळायला एक रात्र लागली. सकाळी सगळ्या चर्चच्या अंगणात, येशूजन्माच्या देखाव्यातलं गवत खात होत्या. पाळणा रिकामा! पाद्रीबाई माझ्याशी बोलत नाहीत. शेजारचा हॉबर्ट म्हणतो, देखाव्यात खऱ्या गाई हव्याच होत्या.

कुंपणाशिवाय गाई आवरायला माझे गुडघे धड नाहीत. हॉबर्ट येत्या शनिवारी त्यांना विकत नेतोय. वाईट वाटून घेऊ नकोस. गाई काय, पुन्हा घेता येतील.

जेवत जा वेळेवर. आठवण ठेव.
डेल्फियामावशी

शार्लट्सव्हिल, १४ डिसेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

गाई विकू नकोस! कालपासून फोन लावतेय, बर्फाने तार तुटलीय म्हणे. म्हणून हे तातडीच्या टपालाने.

काल अनेक पट्ट्यांवर एकदम ऐकलं. ताऱ्यांच्या मधे अगदी विरळ वायू पसरलेला असतो. त्यातून येताना उंच पट्टीचा ठोका आधी पोचतो, खालच्या पट्टीचा मागे रेंगाळतो. जितकं दूरचं, तितकं जास्त रेंगाळणं. तुझं कुंपण शेजारचं, त्याच्या सगळ्या पट्ट्या एकदमच पोचल्या असत्या. माझे ठोके मात्र ओळीने मागेमागे आले, म्हणजे दूरच्या ताऱ्याचेच. आणि ते जे अधूनमधून गायब होतात, तेही त्या वायूच्या ढगांमुळेच. ज्या फिसकटण्याला मी महिनाभर शिव्या घातल्या, त्यानेच माझी बाजू राखली.

प्राध्यापकांनी कागद तपासले. मग म्हणाले, तुझ्या मावशीच्या गाईंची माफी मागायला हवी. बटण खुशाल चालू कर.

तुझ्याच लोभातली,
रोवेना

ग्रीन बँक, १६ डिसेंबर

चि. रोवेनास उदंड आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा हॉबर्टचा ट्रक दारात होता, आणि थोरली गाय वर चढलीही होती. मी उभ्याउभ्याच वाचलं. वायूचं निम्मं कळलं, निम्मं पाद्रीबाईंच्या प्रवचनासारखं डोक्यावरून गेलं. पण एक नीट कळलं, की माझ्यामुळे तुझं काही बिघडलं नव्हतं. तुझी आई गेल्यापासून मला तेवढीच एक धास्ती होती गं.

तिथेच ट्रकच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. हॉबर्टला वाटलं, कुणीतरी गेलं. बिचारा टोपी काढून बर्फात मान खाली घालून उभा राहिला. शेवटी त्याला सांगितलं, टोपी घाल बाबा, आमच्या पोरीचा तारा खरा आहे, गाय उतरव.

नाताळला ये.
तुझी,
डेल्फियामावशी